कोनफ्लॉवरची शेवटची दोन फुलं

आई,

चिठ्ठी मुद्दाम फुलांच्या परडीत ठेवली आहे, म्हणजे बागेत जायच्या आधी तुमच्या हाताला लागेल. पाया पडते, आज ती कोनफ्लॉवरची दोन जांभळी फुलं तोडू नका.

तुम्ही काकडआरतीला गेलात आणि माझ्या भावाचा, वाळूचा, कळवणहून फोन आला. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, कालपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतलेला नाही. तुमची वाट बघायला धीर नव्हता, मिळेल त्या एस.टी.ने जाते. दूध तापवलंय, कणीक मळून ठेवलीय. ह्यांना डबा तेवढा करून द्या.

ही रोपं अप्पांनीच दिलेली. त्यांच्या दारची सगळी यंदा पावसात कुजली. दर फोनला विचारतात, "बाई, बी धरलं का गं?" मी धरलं म्हणते. कसलं धरणार? फूल उमललं की सकाळी तुमच्या देवापुढे! इतके दिवस मी गप्प बसले.

पाकळ्या गळून बोंडं काळी पडली, की ती मेल्यासारखी दिसतील. तेव्हाही काढू नका, बी त्यातच असतं. चिमण्या टिपतात म्हणून माझ्या जुन्या ओढणीचं फडकं बांधलंय, ते सोडू नका. देव रागावला तर माझ्यावर रागावू दे.

अप्पांना अजून बोलता येत असेल, तर आजही तेच विचारतील. मी धरलं म्हणूनच सांगणार आहे. तेवढं खरं होऊ द्या.

रूपाली