वीत आन् दोन बोटं

शिरूर, ता. ६ नोव्हेंबर १९५८

चिरंजीव दानिएल यास दयाबाई आजीचा सप्रेम सलाम, वि. वि.

घोडनदीच्या काठी शिरूर नावाचं गाव हाय. तिथं मिशनच्या आवारात एक म्हातारी ऱ्हाते, ती तुझ्या बापाची आई. दौंडला इंजिनात कोळसा टाकता टाकता ही ओळख जळून गेली आसंल, म्हणून पुन्हा करून दिली. लिहितात त्या शाळेच्या सिंधूबाई. बोलते तसंच लिहा म्हणून बजावलंय, पण त्या मधेमधे माझं बोलणं धुऊन वाळत घालतात. जिथं गोड लागंल ते त्यांचं समज.

तर माझ्या टाचेचं ऐक. सकाळी पाय भुईला टेकवला की काटा मोडल्यागत कळ येते. डॉक्टरीणबाईंनी तळवा दाबून बघितला आन् म्हणाल्या, ह्या सपाट वहाणा सोडा. टाच घट्ट धरील आन् तळव्याला खालून आधार देईल असा बूट घाला, न्हाईतर बाळंतपणं करत गावोगाव हिंडणं बंद करा. बंद करा म्हणे! अर्ध्या तालुक्याच्या नाळा कापल्या ह्या हातांनी.

बाजारात गेले. दुकानदारानं पुढं टोकदार आन् मागं टाच उचललेले बूट मांडले. म्हणाला, मडमा हेच घालतात. मी विचारलं, मडमांना बोटं किती असतात? तर म्हणतो, घालत ऱ्हावा, आठवड्यात पाय सवय करून घेतो. म्हंजी चामड्यानं हाय तसं ऱ्हायचं आन् हाडानं वळायचं! तिथंच वहाणा पायात सरकवल्या आन् निघाले.

दौंडला रेल्वेवाल्यांची मोठी दुकानं हायेत म्हणतात. तिथं बघ. माप एक वीत आन् दोन बोटं. तुझी बायको हन्ना पहिल्या बाळंतपणाला माहेरी तळेगाव ढमढेऱ्याला जाणार. लेकरू माझ्याच हातावर यावं, असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलंय. तवा मला चालती ठेवणं आता तुझ्याकडं लागलं.

हन्नाचा मुका घे. आजीवर जीव असू दे, निदान बूट घेईपर्यंत.

तुझी आजी दयाबाई (अंगठा)


दौंड, ता. १५ नोव्हेंबर १९५८

तीर्थरूप आजीच्या सेवेशी, दानिएलचा कृतानेक सलाम, वि. वि.

तुझी आठवण रोज येते. पत्र लिहायला बसलो की ड्यूटी येते. बूट पार्सलने पाठवत आहे. बायकांच्या बुटांत टाच धरणारा एकही निघाला नाही, म्हणून पुरुषांचे काळे, लेसवाले, जाड तळाचे घेतले. आमचे ड्रायव्हरसाहेब असलेच घालतात. मापाची काळजी नको. दुकानात बुटाच्या तळावर मी स्वतः वीत ठेवली, पुढं दोन बोटं जोडली, बरोबर बसली. दुकानदार म्हणाला, तुमच्या आजी चांगल्याच उंच दिसतात. मी हो म्हणालो.

येत्या बुधवारी हन्नाला तळेगावला पोचवतो. ती बरी आहे, फक्त तुझाच जप चालू असतो.

तुझी कृपा आहेच, पण मला ती कोळशासारखी घमेल्यानं लागते, एवढं लक्षात असू द्यावं.

तुझा दानिएल


शिरूर, ता. २० नोव्हेंबर १९५८

चिरंजीव दानिएल यास आजीचा सलाम, वि. वि.

वीत कुणाची, मुडद्या? सिंधूबाई म्हणतात, हा शब्द पत्रात शोभत न्हाई. शोभू नये म्हणूनच सांगितलाय. पाय माझा तर वीतबी माझीच. तुझा पंजा म्हंजी कोळशाचं फावडं, त्याची वीत घातलीस तर बुटात मी मावंन आन् वर शेजारीणबी मावंल. आईच्या पोटातून तू पायाकडून बाहेर आलास, डोकं मागून आलं. जगाला आधी पाय दाखवणाऱ्या पोराला पायाचं माप कळू नये? तवाच तुला परत आत ढकलायला पाहिजे व्हता.

उजवा पाय त्या बुटात खुळखुळ्यागत वाजतो. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलंय, त्यामुळं डावा त्यातल्या त्यात बसतो. पण एका पायानं कोण चालतं, बगळा? आवारात दोन फेऱ्या मारल्या, तर शाळेतली पोरं कवायत समजून माझ्यामागं रांगेत चालायला लागली.

सिंधूबाईंचं म्हणणं, बुटाला नंबर असतो, तो कळवावा. मला काय तुरुंगात घालायचंय? यासोबत सुतळी पाठवते. एक गाठ टाचेची, दुसरी अंगठ्याची. चांगल्या कामाची सुरुवात उजव्या पायानं करावी, म्हणून उजव्याचं माप घेतलंय. सुतळी बुटाला लाव. तुझे हात खिशात ठेव.

पायांत बळ ऱ्हावं अशी प्रार्थना कर. ते जमत नसंल तर निदान दुकानात जा.

तुझी आजी दयाबाई (अंगठा)


दौंड, ता. ३० नोव्हेंबर १९५८

तीर्थरूप आजीस दानिएलचा सलाम, वि. वि.

हात खिशात ठेवून सुतळी लावता येत नाही, म्हणून दुकानदाराला लावायला सांगितली. बरोबर गाठीला गाठ. हे तपकिरी आहेत, टाच कडक आहे आणि तळव्याखाली चामड्याचा उंचवटा आहे. आता तरी शिव्या थांबव. काळे फेकू नकोस, मला होतात का बघू.

आणि हन्नाकडे जायचं तेवढं विसरू नकोस. मला रजा मिळत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

दानिएल


तळेगाव ढमढेरे, ता. ४ डिसेंबर १९५८

तीर्थरूप आजींच्या सेवेशी, हन्नाचा सादर सलाम, वि. वि.

सिंधूबाई, हे आजींना सावकाश वाचून दाखवा.

आजी, इथल्या सुईण साखरबाई काल येऊन पोट चाचपून गेल्या. बाळाचं डोकं वर आहे म्हणाल्या, पाय खाली. असलं बाळंतपण एकटीनं घेणार नाही, शिरूरच्या दयाबाईंना बोलवा, असं त्यांनी आईला स्पष्ट सांगितलं. येशुदासदादा पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं म्हणतो, पण साखरबाई म्हणतात, दिवस भरलेत, वाटेतच काही झालं तर काय कराल? ह्यांना मी कळवलेलं नाही. इंजिनाच्या फायरबॉक्ससमोर उभं राहून त्यांनी हेच मनात घोळवायला नको.

तुमचे पाय दुखतात हे मला ठाऊक आहे. शिक्रापूर फाट्याला उतरून पुढं चालावं लागतं, आणि बैलगाड्या सगळ्या गुऱ्हाळांना ऊस वाहताहेत. येऊ नका, असं लिहायला बसले होते. ते काही लिहून होत नाही. मला भीती वाटते.

तुमच्या मायेवर हक्क सांगणारी, हन्ना


तळेगाव ढमढेरे, ता. १३ डिसेंबर १९५८

चिरंजीव दानिएल यास आजीचा आशीर्वाद, वि. वि.

हन्ना आन् लेकरू दोघीबी सुखरूप. एवढं सांगून तुझ्या बुटांकडं वळते. तुझा मेव्हणा येशुदास लिहितोय. त्याला हसू येतंय, त्यामुळं अक्षर हललं तर समजून घे.

तुझा तपकिरी बूट उजव्या पायात असा बसला की टाच गुमान झाली. डाव्यात घातला तर हाडाजवळ कळ डोक्यात गेली. सुतळी उजव्याची व्हती, हे मला सांगू नको. नुसती सुतळी बघून दुसरा पायबी विचारावा, एवढं डोकं तुला देवानं दिलंय. तेवढ्यात हन्नाचं पत्र आलं. सिंधूबाईंनी वाचलं, पुन्हा वाचा म्हटलं, पुन्हा वाचलं. मग डाव्या पायात तुझा काळा चढवला, बोटांशी चिंधी कोंबली, लेस आवळली. उजव्यात तपकिरी. उठून उभी ऱ्हायले, तर दोन्ही पायांनी हू का चू केलं न्हाई.

एस.टी.त सगळ्यांच्या नजरा खाली. कोरेगावची एक बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, मावशी, घाईत निघालात वाटतं, एक काळा एक तपकिरी? मी म्हटलं, बाई, घरी असलाच आणखी एक जोड हाय. फाट्यावर उतरले आन् चालत आले. वाटेत कुठं टेकले न्हाई. दारात मला बघून हन्ना रडायला लागली, मग माझे पाय दिसले तशी रडता रडता हसायला लागली. पोट सैल पडलं, ते मला पाहिजेच व्हतं.

रात सगळी गेली. साखरबाईनं पाठ धरली, मी खाली. आधी एक पाय आला, मग बराच वेळ काहीच न्हाई. हन्नाची आई बाहेर स्तोत्र म्हणत व्हती, तिचं गाणं मधेच थांबलं. ओढायचं नसतं रे तवा, वाट बघायची असते, आन् वाट बघायला पाय पक्के रोवावे लागतात. दुसरा पाय आला, मग अंग, हात, आन् शेवटी डोकं. जरा निळी व्हती. उलटी धरून पाठीवर थाप मारली, तशी अशी ओरडली की साखरबाई म्हणाली, ही दयाबाईंच्या रक्ताची, पुरावा नको. तळवे बोटभर हायेत. कौतुक तूच येऊन कर, मला झोप आलीय.

रजा मागायला लाजू नको. ती नसंल देत तर साहेबाला माझ्याकडं पाठव.

डिंक, खारीक आन् अळीव ताबडतोब पाठव. खारकेच्या बिया काढून पाठव, इथं फोडत बसायला कुणी मोकळं न्हाई. तूप इथलंच चांगलं हाय. आन् शेंगदाण्याचे लाडू थोडे वेगळे बांध, मऊ कर, पुढचे दात गेलेत माझे. ते हन्नाचे न्हाईत, मला वाटेत खायला. केंदूरहून बोलावणं आलंय, बाईचे दिवस भरत आलेत, आठवड्यानं निघते.