कायी कॉफी

जळगाव, स्टेशन रोड
बुधवार, ता. १२ फेब्रुवारी १९३६, दुपार

ती. सौ. मंजुळाअक्का हिला पितांबरचा साष्टांग नमस्कार.

मी ठीक. तुम्ही एरंडोलची मंडळी खुशाल असाल. दाजींचा खोकला गेला का? हे तिसरं पत्र. आधीची दोन लिहून फाडली.

आधी एक सांग, मी जळगावला कॉफीच्या हॉटेलात आहे हे आबांना तू सांगितलंस ना? शपथ घातली होती तुला. रागावलो नाही. म्हणजे परवा रागावलो होतो, आज नाही.

इथलं काम मजेचं. गिऱ्हाईक आपापल्या बोलीत मागतं, मी आत आचाऱ्याला ओरडून सांगतो. पुण्याकडचे कारकून ‘जायफळाची’ म्हणतात. केवलचंद शेटजी ‘काफी, दूध ज्यादा’. मद्रासकडचा गार्ड नुसतं ‘कडक’ म्हणतो आणि डोळे मिटून घेतो. कुणाला काय हवं ते मला बरोबर कळतं, म्हणून मालक खूश. मी नाशिकचा पंडित जोशी आहे, हेही त्यांना खरं वाटतं. या हॉटेलात ब्राह्मणाशिवाय वाढपी ठेवत नाहीत. हे तुला मागे लिहिलं नव्हतं.

सोमवारी एक म्हातारा आला. नगरकडचा आमचा दुसरा वाढपी त्याच्यापुढे गेला.

“एक कायी कॉफी दे रे भो.”

“काय?”

“हां, कायी.”

“अहो, कॉफी समजलं. पण काय कॉफी?”

“कायीच. गूय टाकीसन.”

सगळं हॉटेल हसलं. आबा होते, अक्का.

बसऱ्याच्या लढाईहून आल्यापासून आबा काळी कॉफी पितात, गुळाची. अख्ख्या शिरपुरात ती आपल्याच घरी होत होती. ‘कायी’ म्हणजे काळी आणि ‘गूय’ म्हणजे गूळ, हे त्या हॉटेलात मला एकट्याला कळलं होतं. आणि मी हसलो. सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतकाच. मग आत ओरडलो, “एक साधी, दूध-साखर!”

त्यांचे डोळे इतके गेलेत हे तू का नाही कळवलंस? माझ्याकडे तोंड करून बसले होते, पण ओळखलं नाही; जोशी झालेला माझा आवाजही नाही. एक घोट घेतला, कपबशी हळूच सरकवली आणि काठी चाचपत उठले. दाराशी स्वतःशीच म्हणाले, “आठे आपलं कोनी नही शे.”

नंतर समोरचा पानवाला सांगत होता, म्हातारा सकाळपासून स्टेशनाकडून एकेक हॉटेल करत आला होता. सगळीकडे तेच मागत होता. ज्याला समजेल तो आपला पोरगा, एवढाच त्यांचा हिशेब. आणि मी त्यांना दूध पाजलं.

तेव्हापासून बसवत नाही, झोपवत नाही. नांगर टाकून पळालो त्याला तीन वर्षं झाली, तेव्हा असं झालं नव्हतं.

आज सकाळी एका कारकुनाने बिनदुधाची मागितली आणि मी आत ओरडलो, “एक कायी कॉफी!” पहिल्यांदा चुकून. मग आणखी एकदा, मुद्दाम. मालक गल्ल्यावरून उठले. “पंडित, कुठली रे ही भाषा?”

म्हटलं, “शिरपूरची. माझ्या बापाची.”

आता खोलीवर वळकटी बांधून बसलो आहे.

आबा परतताना तुझ्याकडे उतरले असतील. त्यांना जाऊ देऊ नको. पत्र आधी पोचू दे, मी शनिवारच्या मोटारीने येतो. ते तोंड फिरवतील का, सारखं तेच डोक्यात फिरतंय. त्यांना हे पत्र वाचून दाखव. पुस्तकी मराठीत नको, आपल्या बोलीत. जोशी झालो तेही वाच, हसलो तेही वाच, काही गाळू नको. शेवटची ओळ फक्त आहे तशी वाच.

आबा, तठे मी व्हतू.

तुमचाच,
शिरपूरचा पितांबर