पांढरं दिसलं ते हाड

गुरुवार, ता. ९ मे

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. एवढा वाकलाय म्हणजे यानं काहीतरी फोडलंय, असं तू म्हणशील. भाऊजींचा खोकला कसा आहे? इकडे प्रयोगशाळेतला नळ अजून गळतो, खाली बादली ठेवलीय. वरच्या मजल्यावर रंगकाम चाललंय, त्या वासानं डोकं उठतं.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू "जेवलास का?" विचारतेस आणि मी वेळ मारून नेतो. म्हणून पत्र. कुरियरनं शनिवारी मिळेल, सोमवारच्या आत.

तुझ्या जबड्यातली पावडर कशी काम करते, हे तू शाळेच्या स्टाफरूममध्ये माझ्याहून छान सांगायचीस. पावडर भरायची, तिच्या आधारानं नवं हाड धरतं, मग त्यात दाताचा स्क्रू पक्का बसतो. "माझ्या भावाची पावडर" म्हणून मिरवायचीस. मी चढून जायचो, खरं सांगतो.

ती पावडर हाडासारख्याच कॅल्शियमची. स्कॅनमध्ये ती पांढरी दिसते आणि हाडही पांढरंच. हे आमच्याकडे पहिल्या वर्षाला शिकवतात. खात्री करायची तर हाडाचा पातळ काप काढून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो आणि त्याला आठवडे जातात. पावडर भरून पाहिलेल्या चौदा सशांपैकी मी तिघांचेच काप केले. तिन्ही झकास निघाले. अहवालाची तारीख डोक्यावर होती. उरलेल्या अकरांचं स्कॅनवर भागवलं, पांढरं दिसलं ते सगळं हाड म्हणून मोजलं. त्याच अहवालावर माणसांवर वापरायची परवानगी मिळाली, आणि पहिल्या यादीत मी हौसेनं तुझं नाव घातलं.

जानेवारीत कपाट आवरताना आमच्या तंत्रज्ञ बाईंना त्या अकरा सशांच्या हाडांच्या बरण्या सापडल्या. त्यांनी आपणहून काप केले आणि मला बोलावून विचारलं, "सर, यात हाड कुठाय?"

नव्हतं. पावडर तशीच पडून होती, मांसात वाळू रुतावी तशी. अकराच्या अकरांत. मी म्हटलं, रंग नीट चढला नसेल. कापांच्या काचा खणात टाकून मी कुलूप लावलं.

मार्चमध्ये तुझा स्क्रू हलायला लागला. डॉक्टर म्हणाले, दात नीट घासत नसाल. तू रडत मला फोन केलास, माझंच चुकलं का रे, म्हणून. आणि सगळं माहीत असून मी म्हणालो, "हो ताई, जरा निष्काळजीपणा झाला तुझा."

तेव्हापासून तू दिवसातून पाच वेळा घासतेस, हिरड्यांतून रक्त येईस्तोवर, असं भाऊजी सांगत होते. मी हं हं करत ऐकून घेतलं. इतका भेकड मी कधी झालो, मलाच कळत नाही.

ताई, तुझं काहीही चुकलं नव्हतं. उजव्या बाजूचं हाड झिजून गेलंय. तिथे आता दुसरा स्क्रू बसणार नाही, कधीच. "वर्षभरानं बघू" हे मी नुसतं तुझ्या समाधानासाठी म्हटलं होतं.

आज सकाळी परवानगी देणाऱ्या समितीला सगळं लिहून दिलं, काचाही दिल्या. त्यांची बैठक पुढच्या महिन्यात आहे, तोवर कुणी कुणाला थांबवणार नाही. यादीतल्या बाकी एकवीस जणांना मी स्वतः पत्रं लिहायला बसलोय. माझी नोकरी जाईल. जाऊ दे. तू माझे कान धरलेस तर बरं वाटेल, पण तू धरणार नाहीस. तू गप्प होशील, त्याचीच मला धास्ती वाटते.

सोमवारी दुसऱ्या बाजूच्या ऑपरेशनला जाऊ नकोस, तिथेही हीच पावडर भरणार आहेत. डॉक्टर म्हणतील, या खेपेला जास्त काळजी घेऊ. गेल्या आठवड्यात मीही तेच म्हणालो होतो. डाव्या बाजूचं हाड अजून तुझं स्वतःचं आहे. त्याला कुणाला हात लावू देऊ नकोस, मला तर नाहीच.

तुझा भाऊ