एका अक्षरातली बा

प्रिय बा,

ही हाक वाचून दचकाल. नरपडच्या घरात सात वर्षं तुमच्यासोबत राहिले, पण "अहो, ऐकलंत का" यापलीकडे तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. आता तुम्ही नाही आहात आणि मला हाक सुचतेय! आज दुपारी तो खेळ पुन्हा निघाला, म्हणून लिहायला बसले.

गुहेतल्या माणसांचा खेळ हो. चिठ्ठीवरचा शब्द जोडीदाराकडून ओळखून घ्यायचा, पण आपण बोलायचं फक्त एकेका अक्षरात: ये, जा, खा, दे. खुणा करायच्या नाहीत. दोन अक्षरांचा शब्द तोंडातून गेला की डोक्यात हवा भरलेला सोटा. तुम्ही त्याला मारुतीची गदा म्हणायचात आणि पंचाचं काम दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाहीत. दिवसभर वाडीत चिकू निवडून कंबर मोडलेली असली, तरी गदा हातात आली की तुम्ही ताठ!

आठवतं? मला "सासू" आली होती. समोर जोडीदार म्हणून तुमचा नितीन. मी म्हटलं, "तू... ची... बा." माझं माहेर तलासरीचं, घरात गुजराती, आमच्यात आईला बा म्हणतात. सात वर्षांचा संसार, पण नवरा मराठीतच अडकला. "बाबा! बाप! सासरा!" मी "बा, बा" करतेय आणि तो सासऱ्यापुढे सरकेना. शेवटी तुम्हालाच राहवलं नाही. चिकूच्या व्यापाऱ्यांशी गुजरातीत हुज्जत घालण्यात तुमचा जन्म गेलेला.

"अरे गाढवा, बा म्हणजे आई. सासू! मला म्हणतेय ती."

पंचानं बोलायचं नसतं. तुम्ही स्वतःच्याच डोक्यात गदा मारून घेतलीत आणि हसता हसता डोळे पुसलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ओट्यापाशी उगाच घुटमळत होतात. मी म्हटलं, "अहो, चहा घेता ना?" तुम्ही कप घेऊन निघून गेलात. माझी बा लग्नाच्या आदल्या वर्षी गेली होती. तो शब्द आणखी कुणाला दिला तर ती पुसली जाईल, असं वाटायचं मला. वेडीच मी. पण तुम्ही तरी एकदा मागायचं होतं ना? एरवी कुठे गप्प बसायचात?

आज गदा माझ्याकडे होती. तुमच्या धाकट्याचं, शैलेशचं, लग्न झालं, बा. मुलगी सायवनची, कविता. महिना झाला, मला ती कुठल्याच नावानं हाक मारत नाही. नुसती जवळ येऊन उभी राहते. मला ते उभं राहणं चांगलं ओळखीचं आहे.

तिला "भात" आला होता. "खा... खा..." करून ती दमली, शैलेश भलतंच काहीतरी सांगत सुटला, आणि वेळ संपत आली. ती एकदम माझ्याकडे वळली.

"ताई, थांबा ना जरा!"

"दोन अक्षरं! मार, मार!" सगळे ओरडले. मी गदा उचलली आणि स्वतःच्याच डोक्यात हाणली. बाकीच्यांना काही कळलं नाही. नितीनला कळलं, तो पाणी प्यायला म्हणून आत गेला.

उद्या सकाळी कविता ओट्यापाशी येईल. पुन्हा मुकी झाली, तर मी तुमच्यासारखी कप घेऊन निघून जाणार नाही. "काल काय म्हणालीस, ते परत म्हण," असं सांगेन आणि म्हणेपर्यंत चहा देणार नाही. मी मागून घेईन, बा. हा शब्द तुम्हाला दिला.

तुमची लेक,
हेतल