जागा दाखवायच्या आधी

वांगणी
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

प्रिय हिरामण,

अनेक आशीर्वाद. तिथे सुयोग, कीर्ती बरे असतील. फोन लावला की तू ‘गावचं नाव काढू नको’ म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहिते. कागद हातातून कसा ठेवतोस बघू. मालिनी चिखलोलीला तुमच्याच बिल्डिंगीत कामाला येते, तिच्या हाती देते आहे.

भात पिवळं पडलंय. तू गेल्यापासून पडवीत मी एकटीच. दोन भाकऱ्या थापते आणि एक दुसऱ्या दिवशी गाईला जाते.

डोंगरावर खाणीच्या हद्दीच्या लाल झेंड्या लागल्यात. आपण सरपणाला गेलो की ज्या रानातून गार्ड हाकलायचा, त्याच रानात आता खाणीत कामाला अर्ज करा म्हणतात. वेणूच्या पोराला क्रशरवर नोकरी लागणार म्हणून त्याने पेढे वाटले. मी घेतला. नको म्हणायला तोंड नव्हतं.

तुझ्या दोस्ताकडे, बाळाकडे, आता कोणी जात नाही. खाणीच्या पंचनाम्यावर पंच म्हणून त्याची सही, म्हणून ‘डोंगरावर देव नाही’ हेही त्यानेच लिहून दिलं, असं गावाने ठरवलं. तू तर भर चावडीत त्याला विकाऊ म्हणालास आणि त्याच रागात गाव सोडलंस. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, हिरामण.

‘देव नाही’ हे मी सांगितलं होतं.

मे महिन्यात साहेब पंचनाम्याला आले तेव्हा मी डोंगरावरच होते, करवंदं काढत. त्यांनी विचारलं, “आजी, इथे तुमचं देवस्थान वगैरे आहे का?” मी म्हटलं, “नाय वो सायब, यं काय नाय. निस्तं रान हाय.” दुसरं काय सांगणार? देवाची जागा एकालाच ठाऊक असते आणि ती परक्याला सांगायची नाही. ज्याने सांगितली त्याने पुन्हा तिथे पाय ठेवायचा नाही. बाबांनी मरताना मला जागा सांगून शपथ घातली. तू तेव्हा अंबरनाथला कंपनीत होतास आणि मी नवरा गेल्यावर माहेरी आलेली, म्हणून मला. तुला याचं वाईट वाटलं होतं, मला माहीत आहे.

माझं बोलणं कागदावर चढेल असं मला वाटलंच नव्हतं. ‘स्थानिक ज्येष्ठांच्या सांगण्यानुसार’ असं लिहिलंय म्हणे. बाळा शेजारीच उभा होता. गावाने एवढं छळलं तरी त्याने माझं नाव घेतलं नाही. मी कालच त्याच्या दारात गेले. तो म्हणाला, “बाय, तू बरूबर बोललीस. आपल्यान रीत तशीच हाय.” मला तिथेच रडू फुटलं.

साहेबाशी खोटं बोलले ते देवासाठी. पुढे पाच महिने गप्प बसले ते मात्र माझ्यासाठी. गावाने तोंड फिरवलं तर या घरात मी कोणाशी बोलू, या भीतीने. तशीही कोणाशी बोलत नाहीच.

मंगळवारी अंबरनाथला खाणीची सुनावणी आहे. तिथे मी सगळं सांगणार, आणि साहेब म्हणतील तेव्हा वर नेऊन जागाही दाखवणार. डोंगर वाचेल की नाही देव जाणे. मला मात्र नंतर तिथे जाता येणार नाही. पंचवीस वर्षं दर साली पहिली लोंबी ठेवली, सुखदुःख त्यालाच सांगितलं. दुसरं होतं कोण मला.

म्हणून सोमवारी सकाळी ये. परका माणूस आधी बघणार आणि सख्खा भाऊ नंतर, हे मला सोसणार नाही. जागा मी तुला दाखवते. दरसालची लोंबी यापुढे तू ठेव. मी खाली पायथ्याशी बसेन, तू उतरून आलास की देवाला काय म्हणालास ते मला सांग.

वर जायच्या आधी बाळाच्या घरी जाऊ. माफी मी मागेन, तू नुसता उभा राहा.

आला नाहीस तरी मंगळवारी मी बोलणारच.

जिच्यापायी तू मित्र तोडलास ती,
तुझी थोरली बहीण
बनू