सांगायचं कुणी?

वाशी, ४ ऑगस्ट १९८६

ती. दादांस भगवानचा सा. न. वि. वि.

जयप्रकाशच्या मानेतल्या गाठी कॅन्सरच्याच निघाल्या. मी पावणे गावच्या कारखान्यात रजा टाकली आहे. अठरा तारखेपासून इंजेक्शनं. गाठी जाण्याची आशा बरीच आहे, पण या औषधांनी पुढे मूलबाळ होणं कठीण, असं डॉक्टर म्हणाले. त्याआधी पोराचं बीज मुंबईच्या एका दवाखान्यात गोठवून ठेवता येतं. ते त्याला मी समजावून सांगायचं आहे. मी रोज जेवताना सांगायला तोंड उघडतो आणि मीठ मागतो.

तो तुमचं ऐकतो. चार ओळी तुम्हीच लिहाव्यात. वहिनींना नमस्कार, आणि माझ्यावर रागावू नये.

भगवान

वाई, ८ ऑगस्ट

चि. भगवानास अ. उ. आ.

पत्र मिळालं. पोराला लिहायला दोनदा बसलो. एकदा हवापाण्यावरच पान भरलं, एकदा ब्रह्मचर्यावर घसरलो. दोन्ही फाडली. जन्मभर शाळेत शरीरशास्त्र शिकवलं, पण तो धडा घरी वाचा म्हणून सोडत आलो.

तुला जमत नसेल तर सगुणेला सांग, आई आहे ती त्याची. तुझ्या घरात बोलणारं माणूस तेच. अठरा तारीख चुकवलीस तर मला तोंड दाखवू नकोस. घरात सर्वांना आशीर्वाद, तुला पोराशी बोलल्यावर.

दादा

वाशी, १७ ऑगस्ट

ती. काकांना जयप्रकाशचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र बाबांनी आईच्या हातात दिलं आणि दूध आणायला खाली गेले. आईने मेथी निवडता निवडता मला सगळं दोन वाक्यांत सांगितलं. वर म्हणाली, लाजायचं काय त्यात, तुझी दुपटी मीच धुतलीत.

नको म्हटलं तरी दोघं दवाखान्यात आले. बाटलीवर नाव नीट लिहा, असं आईने नर्सला सगळ्यांदेखत बजावलं. बाबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. ते गेल्या वर्षीचं होतं.

उपयोग होईलच असं नाही म्हणतात. मला मुलांचं तूर्त काही नाही, काका, लग्नाचाच पत्ता नाही. पण गाठी निघाल्यापासून तू वाचशील, असं मला घरात कुणी म्हणालं नव्हतं. विचारायची मला भीती वाटायची. परतताना बसमध्ये आईबाबांचं भांडण लागलं. नातवाला वाशीच्या शाळेत घालायचं, की वाईला तुमच्याकडे ठेवायचं. खाडीपूल मागे पडला तरी दोघं हटेनात. मी खिडकीकडे तोंड करून रडलो, बरं वाटलं म्हणून.

उद्या पहिलं इंजेक्शन. काकूंना नमस्कार. लोभ असू द्या, मला तो पुष्कळ वर्षं लागणार आहे.

तुमचा
जयप्रकाश