माझ्याच अटकेचं निवेदन

अमरावती,
शनिवार, दुपार

आदरणीय देवमनभाऊ यांना,
शेषराव तायडे याचा सविनय जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची शुगर आटोक्यात आहे का? तुरीला शेंगा धरल्या असतील, आणि रोहींचे कळपही शेंगांच्या वासावर वावरात शिरत असतील. इकडे आम्ही सगळे ठीक. म्हणजे तुमची बहीण जाईबाई ठीक आहे, भाची भावना ठीक आहे आणि मी जिवंत आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पस्तीस वर्षं पोस्टात काढली म्हणून नव्हे. दीड महिन्यामागं एका रविवारी तुमचा फोन आला तेव्हापासून मला त्या यंत्राची धडकी भरली आहे. तुमचा त्यात काही दोष नाही, तुम्ही तर आनंदानं फोन केला होता. पण त्या फोनमुळं माझ्या घरात काय झालं ते तुम्हाला कळायला पाहिजे. शिवाय मला तुमची माफी मागायची आहे, आणि ती फोनवर मागता येत नाही (तुम्ही मधेच बोलता).

झालं असं. दिवाळीनंतर परदेशातल्या कोण्या श्रीमंत शिकाऱ्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. जगात मोजके उरलेले गेंडे, त्यातला एक यानं परवाना काढून मारला आणि त्याच्या अंगावर पाय ठेवून दात काढत उभा राहिला. सगळं जग खवळलं, मग अमरावती काय मागं राहते! आपली भावना कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि 'वाघसोबती' नावाची संस्था चालवते, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यांनी इर्विन चौकात निषेधाची सभा घेतली. मीही गेलो. नुसता गेलो नाही, सर्वांत मोठ्यानं ओरडलो. माझ्या हातातल्या फलकावर 'मुक्या जिवाच्या मढ्यावर फोटो काढणाऱ्याचा धिक्कार' असं होतं आणि ते वाक्यही माझंच होतं. पोरगी माझ्याकडं अभिमानानं पाहत होती. निवृत्तीनंतर इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

दोन दिवसांनी संस्थेच्या पोरांनी ठरवलं की परदेशातल्या माणसाला शिव्या देऊन भागत नाही, आपल्या मुलखातले शिकारीही शोधले पाहिजेत. अकोल्याच्या जुन्या फोटोंचं एक पान मोबाईलवर आहे. त्यावर त्यांना एक फोटो सापडला. ताठ उभा तरुण, डोक्यावर साहेबी टोपी, पिळदार मिशी, हातात बंदूक, आणि पायाखाली ढाण्या वाघ. खाली कोपऱ्यात पांढऱ्या शाईनं लिहिलेलं, १९८४. भावनानं तो मला दाखवला आणि म्हणाली, "बाबा, शिकारबंदी बहात्तर सालची. हा भामटा त्याच्या बारा वर्षांनंतर मारून राहिला!"

देवमनभाऊ, तो भामटा मी होतो. हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या बाबांच्या लोखंडी पेटीत त्याच फोटोची दुसरी प्रत आहे.

पोरीनं मला ओळखलं नाही, यात नवल काही नाही. टोपी स्टुडिओची होती, मिशी काजळाची होती, आणि टोपीखाली तेव्हा केस होते. तिला प्राण्यांचं वेड लहानपणापासून (चौथीत असताना लंगडं मांजर दप्तरातून शाळेत नेलं होतं), म्हणून तिच्यासमोर वाघाचा विषय काढायचा नाही, अशी ताकीद मीच तुम्हा सर्वांना दिली होती. तुम्ही ती इतकी वर्षं पाळली. उपकार आहेत.

पुढचे चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. फोटोखाली हजारो लोकांनी लिहिलं. कोणी म्हणे फासावर द्या, कोणी म्हणे वाघाच्या पिंजऱ्यात सोडा. वरूडच्या एका संत्रा बागायतदारानं लिहिलं की हा माणूस दिसला तर कळवा, मी ट्रॅक्टर घेऊन येतो (ट्रॅक्टर कशाला, ते लिहिलं नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली). या मंडळींच्या बैठका कुठं होत होत्या? माझ्या ओसरीवर. चहा कोण देत होतं? मी. आणि वनखात्याला द्यायचं निवेदन कोणी लिहावं, तर ज्याचं मराठी आणि अक्षर चांगलं त्यानं. म्हणजे मीच. 'सदर नराधमाचा तातडीनं शोध घेऊन त्यास अटक करावी' हे वाक्य मी माझ्या हातानं, वळणदार अक्षरात लिहिलं आहे. 'कदाचित अजाण वयात घडले असावे' असं एक वाक्य मी हळूच मधे घातलं होतं. भावनानं ते खोडलं. म्हणाली, "बाबा, तुमचं मन लय नरम आहे."

जाईबाई हे सारं पाहत होती. फोटो तिनंही पाहिला होता. चष्मा लावून, मोबाईल जवळ नेऊन, दूर नेऊन पाहिला आणि एवढंच म्हणाली, "माणूस पाहिल्यासारखा वाटते." त्यानंतर चार दिवस ती मला नुसतं भरपेट वाढत राहिली. कोर्टात नेण्याआधी वाढतात तसं.

गुरुवारी पौर्णिमा होती. विहारात पंचशील म्हणायला उभा राहिलो. पहिलं शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं. मी वाघ मारला नव्हता, त्यामुळं ते मी खणखणीत म्हटलं. पण चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे. तिथं मी असा खोकला काढला की शेजारच्या माणसानं पाणी आणून दिलं. आता तुम्ही म्हणाल, मारला नव्हता म्हणजे काय? तिकडंच येतो.

शुक्रवारी सकाळी, दाताच्या डॉक्टरकडं जातो असं सांगून मी अकोल्याची बस धरली आणि जुन्या शहरात नत्थुजींकडं गेलो. नत्थुजी फोटोग्राफर आता ऐंशीच्या पुढं आहेत. स्टुडिओ बंद आहे, पण माळा आहे आणि माळ्यावर वाघ आहे. देवमनभाऊ, ऐका आणि शक्य तर बसून ऐका. तो वाघ तागाच्या पोत्यांचा आहे. आत भुसा, वर ऑइलपेंट, डोळे काचेच्या गोट्यांचे, शेपूट काथ्याच्या दोराची. चौऱ्याऐंशी साली मला तुमच्या घरी दाखवायला फोटो पाहिजे होता. माझं वजन सत्तेचाळीस किलो. मध्यस्थ म्हणाला, नुसता उभा राहिलास तर पोरगी कोणी देणार नाही. स्टुडिओत ताजमहालाचा पडदा होता, मोटारसायकल होती आणि हा वाघ होता. ताजमहालासमोर एकटा माणूस बरा दिसत नाही. मोटारसायकलवर आधीच दुसरा नवरदेव बसला होता. राहिला वाघ.

तुमच्या बाबांनी फोटो हातात घेऊन विचारलं, "हा वाघ कोनं मारला?" मध्यस्थ म्हणाला, "यानंच." मी काहीच बोललो नाही. देवमनभाऊ, मी शपथेवर सांगतो, त्या दिवशी मी खोटं बोललो नाही, नुसता गप्प राहिलो. खोटं नंतर सुरू झालं. बाबांनी प्रेमानं विचारलं की कुठं मारला, तेव्हा मी मेळघाटाकडं बोट केलं. पुढच्या दिवाळीला वारा कोणत्या दिशेनं होता तेही सांगितलं. तुमच्या श्यामच्या बारशापर्यंत त्या वाघानं दोन गायी खाल्ल्या होत्या.

नत्थुजींना मी म्हणालो, हा वाघ जाळून टाका. तर म्हातारा भडकला. "जाळू काहून? या वाघानं तीनशे लग्नं जमवली. तुमी एकटेच नवरदेव समजता का सोताले?" मी तसाच परत आलो. मनात म्हटलं, राहू दे वाघ माळ्यावर, चार दिवसांत लोक विसरतील.

आणि रविवारी सकाळी, ओसरीवर बैठक भरलेली, वनखात्याचे वनपाल संघपाल गवई मुद्दाम निवेदन घ्यायला आलेले, भावना उभी राहून बोलत असलेली, अशा वेळी तुमचा फोन आला. मला कमी ऐकू येतं म्हणून माझा फोन कायम स्पीकरवर असतो (आणि तुमचा आवाज स्पीकर नसता तरी फाटकापर्यंत गेला असता). तुम्ही म्हणालात, "जवाईबुवा! तुमचा वाघावाला फोटो मोबाईलवर आला! सारं नांदगाव पाहून राहिलं! बाबा असते तर पेढे वाटले असते!"

संघपालनं हातातला कप खाली ठेवला. मी भावनाकडं पाहिलं. पोरीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच वाईट होतं. अनोळखी माणूस घरात शिरल्यावर आपण पाहतो तशी ती माझ्याकडं पाहत होती.

मी म्हणालो, "बेटा, वाघ खोटा आहे." एक पोरगा म्हणाला, "सगळे असंच म्हणतात, सर." संघपाल सज्जन माणूस. म्हणाला, "काका, गुन्हा जुना असो की नवा, कातडं असंल तर आजही जप्त करावं लागते. चला, दाखवा." मग त्याच्या जीपमध्ये पुढं संघपाल, मागं मी आणि भावना, असे आम्ही अकोल्याला निघालो. मूर्तिजापूर येईपर्यंत पोरगी मोबाईलवर तोच फोटो मोठा करकरून पाहत होती.

माळ्यावरून वाघ खाली उतरवताना त्याचा एक कान पडला. संघपालनं वाकून पाहिलं, बोट खुपसलं, भुसा काढून हुंगला, आणि पंचनाम्यात लिहिलं: 'वाघ, नग एक, तागाचा.' नत्थुजींना पंच म्हणून सही करायला सांगितली, तर ते म्हणाले, आधी तीनशे फोटोंचं रजिस्टर पाहा, मग सही करतो. खरंच रजिस्टर निघालं. अकोला, अमरावती, बुलढाणा, कुठले कुठले नवरदेव! एकाच वाघाच्या डोक्यावर तीनशे पाय. संघपालच्या स्वतःच्या काकाचं नाव एकोणनव्वद सालच्या पानावर सापडलं, तेव्हा त्यानं घाईनं रजिस्टर मिटलं आणि केस निकाली काढली.

मला वाटलं सुटलो. पण परतीच्या वाटेवर भावना म्हणाली, "बाबा, तुमी वाघ मारला नाही, हे मले पटलं. पण वाघ मारला म्हटल्यावर आपली किंमत वाढते, असं तुमाले वाटलं ना? तो गेंडेवाला बी त्याच्यासाठीच मारते. तुमच्यापाशी बंदूक खरी नव्हती, एवढाच फरक."

मी चौकात ओरडलेलं सगळं त्या क्षणी मला परत ऐकू आलं. तरी म्हणालो, "मी सत्तेचाळीस किलोचा होतो बेटा. तुही आई मले द्यायले नाही म्हणतील, याची भीती वाटली."

ती खिडकीबाहेर पाहू लागली. खांदे हलत होते. रडते की काय, मला कळेना. बडनेरा जवळ आलं तेव्हा तिनं तोंड न वळवता विचारलं, "मिशी काजळाची होती काय?" मी हो म्हणालो. मग ती अशी हसली की संघपालनं जीप बाजूला घेतली.

घरी जाईबाई दारातच उभी. मी सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "मले लग्नाच्या पंधराव्या दिवशीच समजलं. चिखलदऱ्याले माकडानं तुमच्या हातची केळी नेली, तवा तुमी माया मागं लपले होते." मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली काहून नाही? म्हणाली, "बाबाले लय आनंद होता. अन् तुमी सांगत बी चांगलं होते."

भावनाच्या सांगण्यावरून मी त्या फोटोखाली माझ्या नावानिशी खरं काय ते लिहिलं. निम्मे लोक हसले, निम्मे अजून रागावले आहेत, आणि रागावलेल्यांचं मला चूक वाटत नाही. भावनानं तो वाघ नत्थुजींकडून मागून आणला. शाळाशाळांतून नेते आणि शेजारी मला उभं करते. मी पोरांना सांगतो की मेलेल्या जनावरावर पाय ठेवल्यानं माणूस उंच दिसतो तो फक्त फोटोत. पोरं टाळ्या वाजवतात आणि मग वाघाची शेपूट ओढतात.

राहिली माफी. देवमनभाऊ, तुमच्या बाबांना मी फसवलं. त्यांनी मला जिवापाड जपलं, ते वाघामुळं की माझ्यामुळं, हे आता विचारायला ते नाहीत. तुम्ही आहात. मोठ्या मनानं माफ करा, आणि गावात जे सांगायचं ते खरं सांगा. लाज मी सोसतो.

वहिनींना जय भीम, पोरासोरांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा खोटा शिकारी आणि खरा जवाई,
शेषराव

ता.क. : बुधवारी नांदगावच्या शाळेत कार्यक्रम ठरला आहे. त्यानंतर वाघाला ठेवायला जागा नाही. आमच्या ओसरीवर त्याच्या पोटात मांजरीनं पिल्लं घातली होती, ती भावना हलवू देईना. आता पिल्लं मोठी झाली, पण जाईबाई वाघाला घरात घेत नाही. तुमची समोरची खोली मोठी आहे. दोन-चार महिन्यांचाच प्रश्न आहे. तुमचं उत्तर आलं की पाठवतो.

ता.क. दुसरा : उत्तराची वाट पाहणं जमलं नाही. वरूडची संत्री घेऊन एक टेम्पो तुमच्याकडं येत होता, त्यात वाघ चढवून दिला. हे पत्रही ड्रायव्हरजवळच देतो आहे. ताडपत्री अपुरी पडली, तोंड बाहेर आहे. गावात पळापळ झाली तर लोकांना सांभाळून घ्या.

ता.क. तिसरा, वेगळ्या अक्षरात : दादा, मी जाई. वाघ ठेवू नको, तो लय भुसा सांडते. पण हे बुधवारी तिकडं येऊन राहिले, यायले मात्र आठ दिवस ठेवून घे. शाळेतल्या टाळ्या यायच्या डोक्यात गेल्या. काल शेजारनीले सांगत होते का तागाचा वाघ बी काही सोपा नसते.